बाळाचा जीव आणि आईचं जिणं

१९९५ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत बायकांच्या हातात एक नवी वही आली. वही सांभाळणारी बाई गावातलीच, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली. गावात कोण गरोदर आहे, कितवा महिना चालू आहे, हे तिला पाठ असायचं. कळा सुरू झाल्या की दाईसोबत तीही त्या घरी पोचायची. बाळाला झोळीत घालून काट्यावर वजन करायचं, काखेत थर्मामीटर लावायचा, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचा, बाळ अंगावर कसं ओढतं ते पाहायचं आणि सगळं वहीत उतरवायचं. मग महिनाभर ठरलेल्या दिवशी पुन्हा त्याच घरी जायचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने आखलेलं हे काम होतं आणि ते करणाऱ्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणत.

पहिल्या वर्षात ७६३ नवजात बाळांची अशी नोंद झाली. त्यातली ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती. ५४ टक्के बाळांना पहिल्या महिन्यातच असा काही त्रास झाला की त्यांच्यावर डॉक्टरी उपचार व्हायलाच हवे होते. प्रत्यक्षात उपचारापर्यंत पोचली ती २.६ टक्के. आणि ४० बाळं महिनाभराची होण्याआधीच गेली.

बाळं दगावतात हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. घरात, अंधाऱ्या खोलीत, आईच्या कुशीत त्यांचा पहिला महिना कसा जातो, हे मात्र इतक्या बारकाईने क्वचितच कुणी पाहिलं होतं. त्या काळी या गावांतली जवळजवळ सगळी बाळंतपणं घरीच होत. वार पडेपर्यंत बाळ जमिनीवर उघडंच राहायचं. मग त्याला आंघोळ घातली जायची. पहिलं घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकून द्यायची रीत होती. गरोदर बाईने जास्त खाल्लं तर पोटात मूल मोठं होतं आणि अडतं, या भीतीने ती नऊ महिने हात राखून जेवायची. यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने करत नव्हतं. आजीने नातवावर माया करावी तशीच ती केली जात होती. पण त्या मायेला माहितीची जोड नव्हती आणि माहिती देणारी माणसं तालुक्याच्या गावी, पावसाळ्यात बंद होणाऱ्या रस्त्यांच्या पलीकडे बसलेली होती.

बालमृत्यूबद्दल बोलताना आपण डॉक्टर, औषधं आणि खाटा यांच्याबद्दल बोलतो. त्यांचं मोल मोठंच आहे. पण महाराष्ट्रातल्या गेल्या साडेतीन दशकांच्या कामाकडे नीट पाहिलं तर दोन गोष्टी ठसठशीत दिसतात. बाळाजवळ सतत असणाऱ्या बाईच्या हाती ज्ञान आणि साधन दिलं, की मरणारी निम्मी बाळं वाचतात. आणि उरलेली बाळं वाचवायची असतील तर त्यांच्या आईच्या आयुष्यातच बदल घडवावा लागतो: तिच्या लग्नाच्या वयात, तिच्या ताटात, तिच्या मजुरीत, तिच्या विश्रांतीत.

सात खुणा, एक सुई

‘सर्च’ने हे काम एकदम नवजात बाळापासून सुरू केलं नव्हतं. आधी लढा होता न्यूमोनियाशी. १९८८ पासून ५८ गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना आणि दायांना बाळाचा श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवलं गेलं. निरक्षर दायांना पन्नासपर्यंत मोजता येत नसे. त्यांच्यासाठी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी ओवलेल्या तारा असलेलं एक छोटं यंत्र बनवलं गेलं. ठराविक श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत खुणेचा मणी गाठला तर बाळाला न्यूमोनिया. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष आले. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते. अर्भक मृत्युदर, म्हणजे हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण, शेजारच्या तुलनेच्या गावांत १२१ होता, तर या गावांत ८९.

८९ हाही भयंकरच आकडा होता. उरलेले मृत्यू कधी होतात हे पाहिल्यावर उत्तर मिळालं: त्यातला मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत. त्या काळी वैद्यकशास्त्राची शिकवण अशी होती की आजारी नवजात बाळाची जागा रुग्णालयातल्या खास कक्षात. पण असा कक्ष गडचिरोलीच्या त्या गावांना कुठून मिळणार? आणि तो असता तरी आई-बाप तिथवर गेले असते का? जन्मल्यापासून ठराविक दिवस बाळाने खोलीबाहेर पडायचं नाही, असा दंडक घरोघरी होता. म्हणून उपचारच घरी न्यायचे ठरले.

नवजात बाळात जंतुसंसर्ग ओळखणं डॉक्टरांनाही अवघड जातं. म्हणून आरोग्यदूतांसाठी डोळ्यांना दिसतील आणि हातांना कळतील अशा मोजक्या खुणा ठरवल्या गेल्या. आधी जोरात रडणारं बाळ आता क्षीण रडतंय किंवा रडतच नाही. आधी चांगलं ओढणारं बाळ दूध ओढत नाही. हातपाय ढिले पडलेत. छाती आत ओढली जातेय. पोट फुगलंय किंवा उलट्या होताहेत. अंग गार पडलंय किंवा तापलंय. बेंबीत किंवा कातडीवर पू आहे. यातल्या दोन खुणा एकाच वेळी दिसल्या की धोका. आधी रुग्णालयात न्यायचा सल्ला द्यायचा. घरचे तयार नसतील तर त्यांची संमती घेऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने दुसरं औषध सुरू करायचं.

गावातली बाई नवजात बाळाला सुई टोचणार, हे ऐकून अनेक तज्ज्ञ तेव्हा अस्वस्थ झाले. आक्षेप रास्त होता आणि त्याला उत्तर फक्त आकड्यांनीच देता येणार होतं. आधी जंतुसंसर्ग झालेल्या १०० बाळांमागे १६.६ दगावत, आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर २.८. जन्मताच न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळांना नळी-मुखवटा आणि नंतर पिशवी-मुखवट्याने श्वास द्यायला याच बायका शिकल्या, आणि गुदमरून होणारे मृत्यू ६५ टक्क्यांनी घटले. कमी वजनाच्या बाळाला दुपट्यात गुंडाळणं, उबदार पिशवीत झोपवणं, दर दोन-तीन तासांनी अंगावर घेणं, हे आयांना शिकवलं गेलं. ४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: या ३९ गावांत नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांच्या हिशेबाने तिसऱ्या वर्षी ६२ टक्के घट. एका बाळामागे खर्च आला पाच डॉलरच्या आसपास.

पुढे २००१ ते २००५ या काळात ‘अंकुर’ या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी, त्यात शहरी वस्त्याही होत्या, वेगवेगळ्या संस्थांनी हीच पद्धत राबवली. तिथेही नवजात मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. २०११ मध्ये भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे सोपवला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट; घरी जन्मलं असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक.

या भेटींमध्ये काय घडतं, ते विदर्भातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं. आशाताई सांगते, “आजी, बाळाले आज आंघोळ नका घालू.” आजीला ते पटत नाही. “आमचे पोरं काय बिना आंघोळीचे वाढले का वं?” आशाताई काटा काढते, वजन दाखवते: “तुमी वाढवले जी, पण याचं वजन दोन किलोबी नाही. याले थंडी सोसणार नाही. पुसून घ्या अन् मायच्या छातीशी ठेवा.” आजी थोडा वेळ गप्प राहते आणि पाण्याचं भगुणं चुलीवरून उतरवते. आजीचा मान राखून तिचं मन वळवणारी ही बाई त्याच गावची आहे, म्हणूनच हे घडू शकतं. आणि सहा भेटींच्या या जबाबदारीसाठी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा तिचा मोबदला ठरला होता २५० रुपये.

नोंदच नाही, तर मृत्यूही नाही

मृत्यू कमी करायचे असतील तर आधी ते दिसायला हवेत. दोन दिवसांचं बाळ गेलं तर कित्येक घरांत त्याचं नावही ठेवलेलं नसतं. घराच्या मागे खड्डा खणला जातो आणि कागदावर ना जन्म चढतो ना मृत्यू. कर्मचाऱ्याच्या दृष्टीनेही न लिहिलेला मृत्यू सोयीचा असतो. लिहिला तर वरून जाब विचारला जातो.

महाराष्ट्रातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागात प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला, आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. सरकारी नोंदी आणि प्रत्यक्ष गावातली मोजणी यांत मोठी दरी होती. विधिमंडळात आणि वृत्तपत्रांत त्यावर वादळ उठलं. सरकारने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. अहवालाचं खरं देणं हे होतं की त्याने बालमृत्यूला ‘आदिवासी भागातली दुर्दैवी घटना’ या सदरातून बाहेर काढून सगळ्या राज्याचा प्रश्न बनवलं. मृत्यू शहरी वस्त्यांतही होते, सधन समजल्या जाणाऱ्या तालुक्यांतही होते.

आज चित्र बरंच बदललंय आणि ते मोकळ्या मनाने मान्य केलं पाहिजे. देशाचा अर्भक मृत्युदर १९७१ मध्ये हजारी १२९ होता. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत तो २८ होता. महाराष्ट्राचा १६, केरळचा ६, मध्य प्रदेशचा ४३. हे यश लसीकरणाचं आहे, दवाखान्यातल्या बाळंतपणांचं आहे, जलसंजीवनीचं आहे, मुलींच्या शिक्षणाचं आहे, आशा आणि अंगणवाडीताईंच्या पायपिटीचं आहे. पण देशात दर वर्षी दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात. हजारात २८ म्हणजे पाच लाखांहून अधिक घरांत पाळणा रिकामा होतो. केरळ ६ वर पोचू शकतं, म्हणजे त्यातली बहुतेक बाळं वाचू शकतात.

आणखी एक बारकावा. त्या २८ पैकी २० मृत्यू पहिल्या २८ दिवसांतले होते आणि त्यातले १५ पहिल्या आठवड्यातले. गोवर, अतिसार, न्यूमोनिया यांनी मोठ्या बाळांचे जाणारे जीव आपण खूप वाचवले. आता मृत्यू जन्माच्या क्षणाच्या जवळ सरकलाय. आणि तो तसा सरकला, म्हणजे तो आईच्याही जवळ सरकला. दिवस भरण्याआधी जन्मणं, वजन कमी असणं, जन्मताना गुदमरणं, जंतुसंसर्ग ही नवजात मृत्यूची मोठी कारणं. त्यातल्या पहिल्या दोन कारणांची मुळं आईच्या शरीरात आणि तिच्या जगण्यात आहेत.

आईचं वय, आईचं ताट

आनंदीबाई जोशी १४ वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर व्हायचा निश्चय केला आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली. आपण ही कहाणी जिद्दीची म्हणून सांगतो. पण तिच्यात एक वैद्यकीय सत्यही आहे. जिचं स्वतःचं शरीर वाढायचं थांबलेलं नाही अशा मुलीच्या पोटात गर्भ वाढतो, तेव्हा तोच अन्नाचा घास दोन वाढत्या जिवांत वाटला जातो. बाळ कमी वजनाचं, अपुऱ्या दिवसांचं होण्याची शक्यता वाढते. आईच्या जिवालाही धोका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के बायकांचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७. राज्यातल्या गरोदर बायकांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी. या तीन आकड्यांत नातं आहे. कुपोषित मुलगी लहानपणी खुरटते, लवकर लग्न होऊन लवकर आई होते, अशक्त शरीराने कमी वजनाचं बाळ जन्माला घालते. ते बाळ मुलगी असेल आणि जगलं तर पुढचं चक्र तिच्यापासून सुरू होतं.

घरातल्या जेवणाच्या रांगेत सून शेवटची असते. सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरेल ते तिचं. गरोदरपणातही ही रांग बदलत नाही. लोहाच्या गोळ्या वाटून हा प्रश्न अर्धाच सुटतो. गोळी घ्यायची ती काही खाल्ल्यावर, आणि खायलाच कमी असेल तर गोळीने मळमळतं म्हणून ती गोळी डब्यात पडून राहते. राज्य सरकारने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आणली. गरोदर आणि स्तनदा बायकांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. तिचं मोठं शहाणपण यात आहे की बाई ते अंगणवाडीत बसून जेवते. घरी नेलं तर त्यातले वाटे पडतात. जिथे अंगणवाडीताईंना शिध्याचे पैसे वेळेवर मिळतात तिथे योजना चालते. जिथे बिलं रखडतात तिथे चूल विझते.

मुलगी आणि मुलगा यांतला फरकही इथेच पाहायला हवा. निसर्गतः पहिल्या वर्षात मुलींचा तग धरण्याचा गुण मुलांपेक्षा जास्त असतो. म्हणून मुलींचा मृत्युदर मुलांहून स्पष्टपणे कमी असायला हवा. आपल्याकडे मात्र दोघांचे आकडे जवळपास सारखे आहेत. आजारी मुलगा असला तर रात्रीच गाडी ठरते. मुलगी असली तर ‘सकाळी बघू’ म्हटलं जातं. निसर्गाने दिलेली ताकद या एका रात्रीत संपून जाते.

फडावरचं बाळंतपण

मराठवाड्यातल्या लवकर लग्नांचं कारण केवळ परंपरेत शोधू नये. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या पोराला अर्धा कोयता म्हणून कमी पैसे मिळतात. लग्न झालं की कोयता पुरा होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात तेव्हा तरण्या मुलीला गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापाची दुसरी चिंता. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच निघतं आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी कोयता घेऊन फडात उतरते.

एकदा तिथे गेल्यावर गरोदरपण ही वैयक्तिक अडचण ठरते. पहाटे अंधारात उठायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. एक दिवस चुकला तर ‘खाडा’. खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. मग तपासणीला कोण जाणार? गावच्या आशाताईच्या यादीत तिच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा असतो आणि साखर कारखान्याच्या भागातल्या आशाताईच्या यादीत तिचं नावच नसतं. बाळंतपण झालं तर कोपीत. पाणी दूरचं, आडोसा पाचटाचा, थंडी डिसेंबर-जानेवारीची. काही दिवसांत आई पुन्हा फडात आणि बाळ उसाच्या सरीत कापडावर. दोन तासांनी अंगावर घ्या, असं त्या आईला कुणी सांगितलं तरी दोन तासांची ती फुरसत तिच्या मालकीची नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तोही याच खाड्याच्या हिशेबातून समजतो.

पालघरच्या जव्हार-मोखाड्यात दिवाळी आटोपली की कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. तेव्हापासून योजना अनेक आल्या, पण त्यातल्या बहुतेक घरच्या पत्त्याला बांधलेल्या. कुटुंब हललं की अंगणवाडी, रेशन, लस, तपासणी सगळं मागे राहतं. बाळ मात्र त्यांच्याबरोबर जातं.

नदी, डोंगर आणि भूमका

सातपुड्यातल्या मेळघाटात, अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, १९९३ पासून बालमृत्यूच्या बातम्या येताहेत. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्या. डॉ. राजेंद्र बर्मा यांच्या २००७ च्या जनहित याचिकेवर तर वर्षानुवर्षं सुनावण्या होत राहिल्या. न्यायालय रिक्त पदं विचारतं, सरकार प्रतिज्ञापत्र देतं, पावसाळा येतो आणि पुन्हा मृत्यूंची बातमी छापून येते. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी, उतावलीला डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने तिथेच राहून काम उभं केलं. तिथे राहिल्याशिवाय कोरकू आदिवासी आईचा विश्वास मिळत नाही, हे त्यांच्या कामाचं सूत्र.

बाळाचं पोट फुगलं की त्यावर तापल्या लोखंडाने डागण्याची रीत मेळघाटात अजून पुरती गेलेली नाही. तिच्यावर शहरी माणूस चटकन संतापतो. पण रात्री दोन वाजता बाळ तडफडतंय, गाडी नाही, मोबाइलला रेंज नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टर असेलच याची खात्री नाही, अशा वेळी आई ज्याच्याकडे जाऊ शकते तो भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, एकटाच. तो बोलवल्यावर येतो, तिच्या भाषेत बोलतो, धीर देतो. म्हणूनच भूमकांना शत्रू न मानता त्यांना धोक्याच्या खुणा शिकवून ‘तू पूजा कर, पण आजच दवाखान्यातही पाठव’ असं सांगण्याचे प्रयत्न झाले आणि ते योग्य दिशेचे आहेत.

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. खाटेची कावड करून गरोदर बाईला ओढ्यातून नेतानाचे फोटो दर पावसाळ्यात छापून येतात. यावर उपाय म्हणून आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आलं: दिवस भरत आले की आधीच येऊन राहायचं. कल्पना उत्तम आहे. पण घरी तीन वर्षांचं मूल, दोन शेळ्या आणि रोवणीचं काम सोडून बाई आठ दिवस आधी येणार कशी, याचं उत्तर योजनेला द्यावं लागतं. सोबत येणाऱ्या बाईच्या जेवणाची आणि बुडालेल्या मजुरीची सोय जिथे नीट होते, तिथेच खोल्या भरतात.

दवाखान्याच्या दारात

२०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती. म्हणजे अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी दवाखान्याच्या आत आहे.

९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत झालेल्या २४ मृत्यूंमध्ये १२ नवजात होते. भंडाऱ्यातली बाळं आई-बापांनी विश्वासाने सोपवलेली होती. ज्या खेड्यातल्या बाईला आपण वर्षानुवर्षं ‘दवाखान्यात ये’ म्हणून विनवलं, तिच्या बाळाला तिथे सुरक्षित ठेवणं ही किमान जबाबदारी. विजेच्या जोडण्यांची तपासणी, खाटांच्या प्रमाणात परिचारिका, रात्रपाळीला बालरोगतज्ज्ञ, आणि लहान केंद्रातून शेवटच्या घटकेला पाठवलेल्या बाळासाठी वाटेतली ऊब आणि प्राणवायू, या गोष्टींवर जीव अवलंबून असतो.

दवाखान्यात काही गोष्टी फुकट मिळू शकतात आणि तरी मिळत नाहीत. त्याच पाहणीनुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं संस्थांमध्ये झाली, पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली मुलं ४१.८ टक्केच. बाळ आईजवळ द्यायला, तिला धरायला शिकवायला दहा मिनिटं देणारी परिचारिका नसते, कारण तिच्या वाट्याला एकाच वेळी अनेक बाळंतिणी असतात. ज्या बाळांना आईचं दूध मिळूच शकत नाही, त्यांच्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये देशातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायची पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर अपुरे पडले म्हणून सुरू झाली. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ही पद्धत सुरू केली तर मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात असं दिसलं. त्यासाठी यंत्र फारसं लागत नाही. लागते आईसाठी नवजात कक्षातच एक खाट. आजही कित्येक ठिकाणी आई बाहेर बाकावर आणि बाळ काचेआड असतं.

मागणी कशाची करायची

२०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या नोकरदार आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. हे चांगलंच झालं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने इतर सगळ्या गरोदर बायकांना किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. चार वर्षांनी आलेल्या मातृवंदना योजनेत ते ५,००० झाले, तेही पहिल्या बाळापुरते. पुढे दुसरी मुलगी झाली तर ६,००० ची सोय आली. ऊस तोडणाऱ्या, वीट थापणाऱ्या, रोवणीला वाकणाऱ्या बाईच्या सहा महिन्यांच्या मजुरीची किंमत आपण एवढी धरलीय. बाळाला पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध द्या, असं भिंतीवर रंगवायचं आणि ते देण्यासाठी आईला घरी बसता येईल एवढे पैसे द्यायचे नाहीत, हा सरळ अन्याय आहे.

म्हणून काही मागण्या ठामपणे मांडायला हव्यात. पहिली: प्रत्येक बाळाच्या मृत्यूची नोंद व्हावी आणि त्यासाठी नोंद करणाऱ्याला शिक्षा होणार नाही याची हमी असावी. ग्रामसभेत वर्षातून दोनदा गावातल्या बालमृत्यूंची यादी वाचली जावी आणि प्रत्येकापुढे तीन प्रश्न विचारले जावेत: धोका ओळखायला उशीर झाला का, पोचायला उशीर झाला का, पोचल्यावर उपचाराला उशीर झाला का. दुसरी: आशाताईला कामाच्या तुकड्यांचा मोबदला न देता नियमित, जगता येईल असं वेतन मिळावं, कारण बाळाच्या पहिल्या आठवड्यात त्या घरात पोचणारी ती एकटीच आहे. तिसरी: लस, शिधा, तपासणी हे हक्क गावाला न बांधता आईला बांधावेत, म्हणजे ती जिथे जाईल तिथे ते जातील, आणि साखर कारखाना, वीटभट्टी यांच्यावर आपल्या आवारातल्या गरोदर बायका आणि बाळं यांची नोंद व सोय बंधनकारक असावी. चौथी: असंघटित क्षेत्रातल्या प्रत्येक आईला किमान वेतनाच्या दराने सहा महिन्यांची बाळंतरजा. आणि पाचवी: मुलीला बारावीपर्यंत शाळेत ठेवण्यासाठी मराठवाड्यात मुबलक वसतिगृहं, कारण तिचं लग्न लांबवण्याचा याहून खात्रीचा रस्ता आजवर कुणाला सापडलेला नाही.

यातली एकही मागणी प्रयोगाच्या पातळीवरची नाही. प्रत्येकीचा काही ना काही अंश या राज्यात कुठे तरी राबवला गेलाय आणि त्याने जीव वाचलेत. कुठल्या उपायाने बाळ वाचतं हे आपल्याला १९९९ पासून माहीत आहे. आता ठरवायचं आहे ते इतकंच की अंदाजपत्रकात त्या आईला कितवं स्थान द्यायचं. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी किती बाळं गेली, हे विचारा. आकडा माहीत नसेल तर तो शोधून परत यायला सांगा, आणि तो परत आला की त्याच्यासमोर या पाच मागण्या ठेवा.